देशमाने डॉक्टरांची काच

ऑइलच्या चित्राला काच लावत नाहीत. रंगाला काच चिकटली की बुरशी धरते, आणि समोरून उजेड आला की चित्राऐवजी बघणाऱ्याचं स्वतःचंच थोबाड दिसतं. हे सगळं मी देशमाने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. तेवढा वेळ ते दुकानभर फिरत होते, भिंतीवरचे फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने चाचपत होते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "मला ठाऊक आहे. तुम्ही काच लावा. आणि खिळे नकोत, स्क्रू मारा."

बारामतीत सासऱ्यांच्या मागं फ्रेमचं दुकान मी चालवते. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो, सत्काराची मानपत्रं, ह्यातच माझा दिवस जातो. जीभ जरा तिखट आहे माझी. मोटारसायकलवर मागं चादरीत गुंडाळलेलं चित्र बांधून हा माणूस इंदापुरावरनं आलेला, म्हणून मी तोंडावरच विचारलं, "इंदापुरात काय फ्रेमवाले मेलेत का?"

"आहेत की. पण ते सांगेल तसं करतात. मला जरा भांडणारं माणूस पाहिजे."

घ्या! मला हसू आलं आणि मी चादर सोडली. आत एक बाई होती. खुर्चीत बसलेली, हिरवं लुगडं, हात मांडीवर, चेहरा अगदी कॅलेंडरवरच्यासारखा गुळगुळीत.

"बायको माझी. उषा. गेली ती," डॉक्टर म्हणाले आणि लगेच पाठ फिरवून रस्त्यावरचा ट्रॅक्टर बघायला लागले.

मी आवाज उतरवला. "धूळ बसू नये म्हणून काच पाहिजे का?"

"धुळीसाठी नव्हे. चित्रकारासाठी."

आता हे काय ते सांगायचं, तर आधी डॉक्टर सांगायला हवेत. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी झालेली, तालुक्यातल्या बहुतेक गोठ्यांत कधी ना कधी पाय ठेवलेला. उंच, काटकुळे, आणि शर्टाची उजवी बाही कायम खांद्यापर्यंत गुंडाळलेली, डावी मनगटाशी बटण लावून. गाई अडल्या की उजवा हात घालावा लागायचा ना, त्याची ती सवय. रिटायर झाले तरी लग्नाला जातानासुद्धा बाही तशीच. आणि हा माणूस बसायचा म्हणून नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोन तर अंगणात येरझाऱ्या घालत. उषाकाकू म्हणायच्या, "ह्यांना खुर्ची चावते." मी काकूंना पाहिलं नाही. हे मला संपतनं सांगितलं.

संपत म्हणजे तो चित्रकार. कळसचा. पोरगेला होता तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा, मागच्या फाळक्यावर बैलजोडी, कमळ, मालकाचं नाव. कळसला कुणाची तरी म्हैस बघायला गेलेले डॉक्टर एकदा असल्या ट्रॉलीमागं उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्या उजवीकडच्या बैलाचा मागचा पाय दुखतोय. खुरात काहीतरी गेलंय."

लोक हसले. रंगवलेल्या बैलाला कुठं काय दुखतं? पण संपत पुढं आला आणि म्हणाला, "व्हय. घरचा हाय आमच्या. आठ दिस झालं लंगडतोय." डॉक्टर तसेच त्याच्या गोठ्यात गेले, खुरातला खिळा काढला, आणि त्याला म्हणाले, "पुढचं चित्र कागदावर काढ आणि माझ्याकडं आण." तिथनं हा नाद लागला. दोघांनाही.

संपत मग पुण्याला जाऊन शिकला, निम्म्यातनं परत आला, शाळेत चित्रकला शिकवायला लागला आणि उरलेल्या वेळात रंगवत राहिला. प्रत्येक चित्र आधी डॉक्टरांच्या घरी. इंदापूरला गेला की काकूंच्या हातचं जेवायचं, चित्र दाखवायचं. त्याची एक वाईट खोड म्हणजे शर्टाच्या खिशात कायम ब्रश आणि रंगाच्या दोन-तीन ट्यूबा. आपलं जुनं चित्र भिंतीवर दिसलं की ह्याच्या हाताला खाज सुटायची. काकू गेल्यानंतरच्या दिवाळीत जेवायला आला होता. डॉक्टर हात धुवायला मोरीकडं गेले. परत येऊन बघतात तर भिंतीवरच्या बैलजोडीतला एक बैल नाही!

"अरे, बैल कुठाय माझा?"

"नको हुता त्यो."

"मी विकत घेतलेला बैल आहे गाढवा!"

डॉक्टरांनी त्याला ताटावरून उठवलं नाही एवढंच. पुढचे कितीतरी दिवस बोलले नाहीत. पण रोज येता-जाता त्या चित्रासमोरून जात होते, आणि एके दिवशी फोन करून म्हणाले, "संप्या, तू बरोबर होतास. जोडीत तो नुसता बैल होता. आता एकटा आहे तर त्याचं वजन कळतंय." फोन ठेवला आणि त्याच पावली बायकोचं चित्र भिंतीवरून काढून चादरीत गुंडाळलं. बाकीच्या चित्रांचं त्यानं काहीही करावं, हे पटलं होतं. हे एक सोडून. ते चादरीतलं चित्र म्हणजे माझ्या दुकानात आलेलं.

मी काच बसवून दिली. रंगाला चिकटू नये म्हणून मधे बारीक पट्टी घातली, मागनं प्लायवूड लावून स्क्रू आवळले. एक महिनाभर मनात येत होतं, कपाळ माझं, चित्रकाराच्या भीतीनं चित्राला कुलूप घालणारा हा पहिलाच बघितला.

मग मात्र येणं-जाणं सुरू झालं. बाकीच्या चित्रांना पट्टी लागायचीच, काच नसली तरी. मी एसटीनं इंदापूरला जायची, मापं घ्यायची. घराच्या भिंती म्हणजे नुसती चाळण. दर रविवारी हा गृहस्थ चित्रांच्या जागा बदलायचा. हॉलमधलं स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातलं जिन्यात. "अहो, एका जागी ठेवा की," मी ओरडायची. "का?" म्हणायचे, "जनावरसुद्धा एका दावणीला बांधून ठेवलं की आखडतं." काकूंचं चित्र मात्र हलायचं नाही. हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. सकाळी बाहेर पडताना त्याच्याकडं बघून "येतो गं" म्हणायचे. माझ्यासमोरही म्हणायचे, लाजायचे नाहीत.

चित्र बघायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. नवं आलं की समोर कधी उभे राहायचे नाहीत. बाजूनं यायचे, चित्र बिचकेल जणू. मग जवळ जाऊन वास घ्यायचे. हात पाठीमागं बांधलेले, पण बोटं हलत असायची. आणि बोलायचे ते सगळं गोठ्यातलं. चित्रात फार काही कोंबलं असेल तर म्हणायचे, "ह्याचं पोट फुगलंय, टोचून वारा काढ." नुसतंच छान असेल तर "प्रदर्शनातली गाय आहे ही, दूध नाही." आणि फार आवडलं की एकच शब्द: "गाभण आहे." म्हणजे ह्या चित्राच्या पोटात पुढचं चित्र आहे. असं ते म्हणाले की संपत दोन दिवस हवेत असायचा. ही गंमत नव्हती हं. डॉक्टर मला जुनी चित्रं ओळीनं लावून दाखवायचे, की बघा, ह्या बैलाच्या मागं जो हिरवा पट्टा आहे तो बैलामागचा ऊस आहे. पुढच्या चित्रात ऊस मोठा झाला, बैल कोपऱ्यात गेला. त्याच्या पुढच्यात बैल नाहीच, नुसता ऊस भिंतीसारखा उभा, आणि मधनं पाऊलवाटेएवढा उजेड. "हा उजेड कुठनं आला सांगा? बैल उभा होता ना, त्याची जागा आहे ती." माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. आणि मग आला तो उजनीचा गाळ. पाणी उतरल्यावर धरणाच्या काठाला जी राखाडी, भेगाळलेली जमीन वर येते, तीच फक्त. ना बैल, ना माणूस, ना ऊस. कुठंतरी एका कडेला ओलसर रेघ.

लोकांना ते झेपेना. संपतची बैलजोडी लोकांना हवी होती. एकदा मी मापं घ्यायला गेले होते तेव्हा एक तरुण पाहुणे आले होते, पेट्रोलपंपवाले, बारामतीला नवीन हॉटेल बांधत होते. संपत पण आलेला. त्या पाहुण्यांना हॉटेलच्या मोठ्या भिंतीवर बैलजोडी पाहिजे होती, पहिल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "बैल राहू दे, हे बघा," आणि त्यांना गाळाच्या चित्रासमोर उभं केलं. मग स्वतः हॉलभर फेऱ्या मारत बोलायला लागले. पाहुणे बिचारे मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "पण डॉक्टर, ह्यात हाय काय?"

"उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठाला जो वास येतो ना, तो आहे."

पाहुण्यांनी खरंच वाकून वास घेतला. मला हसू आवरेना, टेप तोंडात धरला. ते गेल्यावर डॉक्टर जाम खूश. "संप्या, मागं वळू नकोस. आज एक बैल काढलास तर उद्या तुझ्याकडनं तेच काढून घेतील. जुनं ते जुनं. तू नवं कर, मी आहे."

 संपत काकूंच्या चित्रासमोर उभा होता. मग म्हणाला, "डॉक्टर, मग ह्याला काच कशापायी?"

डॉक्टरांच्या फेऱ्या थांबल्या.

"ते वेगळं आहे."

"काय येगळं? माझंच हाय. आन् माझं सगळ्यात खोटं चित्र हाय ते. फोटोवरनं काढलेलं. तुमी म्हणला, लग्नाचा वाढदिवस हाय, काढ. मी काढलं. काकू कधी अशा बसल्यात का, तुमीच सांगा. मी इतकी वर्सं आलो हितं, काकू माझ्याम्होरं एकदा बसल्या न्हाईत. वाढायच्या, आत जायच्या, बाहेर यायच्या. तुमाला आठवतं का, चित्र बघून काय म्हणल्या त्या? 'ही कोण बाई?' म्हणल्या."

"गंमत केली तिनं."

"गंमत न्हाय केली. त्यांना ओळखू आली न्हाय सोताची. माझ्या काळजाला लागलंय ते. आन् तुमी रोज त्या बाईला 'येतो गं' म्हणून जाता."

डॉक्टर असे भडकले की मी टेप गुंडाळून कोपऱ्यात सरकले. "चालता हो! एवढा एक चेहरा आहे माझ्याकडं तिचा, त्याला हात लावशील तर याद राख!" संपत गेला. जाताना दारातनं एवढंच म्हणाला, "मला जुनं सोड म्हणता. तुमी सोडा की आधी."

त्यानंतर डॉक्टरांचं जे काही झालं, ते मी जवळून पाहिलं असं म्हणणार नाही, पण फोनवर ऐकलं. वेळी-अवेळी फोन यायचा. फोनवर चालण्याचा आवाज, चपलांचा. "शैलाताई, तुम्ही वारलेल्यांचे फोटो लावता. लोकांना तो चेहरा ओळखू येतो का हो?" मी म्हटलं, "रडतात म्हणजे येत असणार." "मला रडू येत नाही त्या चित्राकडं बघून. चांगलं वाटतं. ही भानगड काय आहे?" मला काय माहीत भानगड! मी म्हटलं, "चांगलं वाटतंय ना, मग गप बसा." "तेच जमत नाही," म्हणाले. घरातली सगळी चित्रं त्यांनी त्या दिवसांत इतक्यांदा हलवली की शेजारच्या बाई मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, दिवसभर ठोकाठोक चालू असते, डॉक्टरांना समजवा की. संपतकडून नवं चित्र येत नव्हतं. त्याचं कुणीतरी सांगितलं, हॉटेलच्या बैलजोडीला हो म्हणालाय. ते कानावर आलं त्या दिवशी डॉक्टरांचा सकाळीच फोन.

"स्क्रूड्रायव्हर घेऊन या. आजच या."

ऊसतोडीचा हंगाम. कळंबच्या अलीकडंच एसटी ट्रॉल्यांच्या मागं अडकली, हलेना. फोनवर फोन. "कुठं पोचलात?" "अहो, ट्रॉल्यांच्या मागं हाय मी! उडत येऊ का?" पोचले तर डॉक्टर फाटकातच. संपत आधीच येऊन ओट्यावर बसलेला, शाळेला दांडी मारून. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मीच दोघांना पाणी दिलं.

चित्र खाली उतरवून मी स्क्रू काढायला घेतले. गंजले होते, एक तर फिरेचना. डॉक्टर माझ्या डोक्यावर उभे. "सावकाश. सावकाश हो." शेवटी मी म्हटलं, "बाहेर जा तुम्ही, नाहीतर मी परत आवळते सगळे!" काच निघाली तसे ते वाकले आणि कितीतरी दिवसांनी काचेवाचून त्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता नको म्हणतात. तसं झालंही असतं. त्यांचा हात उठला होता. पण ते संपतला म्हणाले, "मी तुला शंभरदा सांगितलं जुनं सोड. आणि मीच... जाऊ दे. कर तुला काय करायचं ते. बैलजोडी मात्र काढायची नाही." आणि तडक बाहेर गेले.

मला थांबणं भाग होतं, परतीची गाडी नंतर होती. डॉक्टर घराभोवती फेऱ्या मारत होते. खिडकीतनं दर थोड्या वेळानं ती गुंडाळलेली उजवी बाही जाताना दिसायची. आत टर्पेंटाइनचा वास भरला. संपत भिंतीकडं तोंड करून काम करत होता आणि मध्येच नाक पुसत होता. मी बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

उन्हं कलल्यावर संपतनं हाक मारली. डॉक्टर आले. नेहमीसारखे बाजूनं नाही, थेट समोर आले.

चित्रात खुर्ची होती. जरा मागं सरकलेली, वाकडी. मागं स्वयंपाकघराचं दार, आणि दाराच्या आत, अगदी कडेला, हिरव्या पदराचा एक फटकारा. बाई नव्हती.

"उषा कुठाय?"

"उठल्या," संपत म्हणाला. "आत गेल्या."

"माझी बायको कुठाय रे?" डॉक्टरांचा आवाज फाटला. त्यांनी संपतचा शर्ट धरला, खिशातल्या ट्यूबा खाली पडल्या. "काढ! परत काढ तिला! आत्ताच्या आत्ता!" आणि मग हा एवढा उंच माणूस खाली फरशीवर बसला आणि रडायला लागला, एखादं पोर हरवल्यावर रडतं तसा. संपतही रडत होता. "चहा टाकायला गेल्यात वो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "चहा टाकायला गेल्यात." माझ्या डोळ्यांतनं धारा. मी काच पेपरात गुंडाळायचं निमित्त करून ओट्यावर गेले. माझी एसटी चुकली.

काच मी त्यांच्याकडंच ठेवून आले होते. मनातनं वाटत होतं, लागेल परत. महिन्याभरानं संपत दुकानात आला, एका नव्या चित्राला पट्टी लावायला. बैलजोडीला नाही म्हणून आला होता. नव्या चित्रात काय होतं ते मला नीट सांगता यायचं नाही. दार होतं असं मला वाटलं. मी विचारलं, "डॉक्टर बोलतात का तुझ्याशी?" तर म्हणाला, "हे बघून काल म्हणले, गाभण हाय."

मग एकदा इंदापुरात दुसरं काम होतं, तेव्हा डॉक्टरांकडं डोकावले. घरात चित्रं सगळी जागच्या जागी. एकही नवा खिळा नाही. काकूंचं चित्र तिथंच, दाराशेजारी, उघडं. त्याच्यासमोर लाकडी खुर्ची टाकून डॉक्टर बसले होते. बसले होते! पाय मात्र हलतच होता.

काच भिंतीला टेकून तशीच पडलेली. मी म्हटलं, "ही बसवून देऊ का परत? आता संपत काही हात लावत नाही."

"नको," म्हणाले. "ती सारखी आत-बाहेर करते. मधे काच कशाला?"

मी तशीच काचेपाशी उभी राहिले. तर म्हणाले, "उभ्या का? बसा की. चहा येईल."

घरात दुसरं कुणी नव्हतं. लेक पुण्याला. मी बसले, आणि ते स्टीलचं भांडं शोधायला स्वतःच उठून आत गेले, एक बाही वर, एक खाली. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. पावसाळ्याच्या आधी लेकीचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून.

पण त्या दिवशी मी त्यांची वाट बघत बसले होते, आणि समोर ते उठले होते ती खुर्ची होती. जरा मागं सरकलेली. वाकडी.